सायकलीवरची चीजवस्त

सातारा,
आषाढ वद्य पंचमी

चि. बाळास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मेट्रोच्या जिन्याखाली दिवसभर उभ्या राहणाऱ्या तुझ्या सायकलीचा पुढचा दिवा, मागचा तांबडा दिवा आणि हवा भरण्याचा पंप अशी सारी चीजवस्त एकाच दिवशी नाहीशी व्हावी, सायकलीला मात्र कोणी धक्काही लावू नये, आणि त्यामुळे संतापावे की सुटकेचा निःश्वास टाकावा हेच तुला कळू नये, हा मजकूर वाचून वाईट वाटले आणि, खरे सांगतो, थोडे हसूही आले. ज्याची उभी हयात फौजदारी न्यायालयाच्या दप्तरात, तीही मुद्देमालाच्या खोलीला लागून असलेल्या टेबलाशी गेली, त्याला असल्या चोरीचे नवल ते काय? परंतु तू उपाय विचारतोस, म्हणून जे सुचते ते सविस्तर लिहितो.

सायकल नेणारा आणि सायकलीवरचा दिवा नेणारा ही दोन निरनिराळ्या जातकुळीची माणसे असतात, हे प्रथम ध्यानात घे. पहिला तयारीनिशी येतो. त्याच्यासाठी तू भक्कम कुलूप घेतले आहेस, तेव्हा त्याचा विचार येथे नको. दुसऱ्याच्या खिशात बहुधा काहीच नसते, फार तर एखादा पाना असतो. तो जाता जाता थबकतो, वस्तू हाताने निघते का ते चाचपतो, निघाली तर खिशात टाकतो आणि न निघाली तर पलीकडच्या सायकलीकडे वळतो. अशा मनुष्याविरुद्ध किल्ला बांधण्याचे प्रयोजन नाही. वस्तू काढण्यास जे हत्यार लागेल ते त्याच्याजवळ नसावे, इतकी तजवीज पुरेशी होते.

आमच्या तरुणपणी, पुणे हे सायकलींचे शहर म्हणून लौकिक पावलेले असताना, सायकलीवरचा ऐवज काही कमी नव्हता. नगरपालिकेचा कर भरल्याची साक्ष देणारा बिल्ला होता. पुढच्या चिमट्याला बोल्टने आवळलेला, टायरच्या कुशीला घासून फिरणारा सहा व्होल्टांचा डायनॅमो होता. आणि दिवा तर हवाच, कारण दिवेलागणीनंतर दिव्यावाचून जाणाऱ्यास चौकातला हवालदार उतरवून घेई आणि शहाणी माणसे चौक दिसताच आपण होऊन उतरून सायकल हातात धरून चालू लागत. पण हे सारे पान्याने बसवलेले असल्यामुळे जागच्या जागी राहात असे. चोरीस जाई ती व्हॉल्व्हची टोपी आणि घंटीची वाटी, म्हणजे नेमके तेच, जे बोटांनी फिरवून निघते. आणि ते नेणारेही बहुतांशी शाळकरी असत, ज्यांना चोर म्हणण्यास माझी जीभ आजही धजत नाही.

पुढे काळ सोयीचा आला. इटलीतील तुल्लिओ कंपान्योलो या शर्यतपटूने १९३०च्या सुमारास चाकाच्या आसाला असा एक खटका बसवला, की पान्यावाचून, गारठलेल्या हातांनीसुद्धा चाक क्षणात निघावे. शर्यतीच्या घाटात ती सोय अमोल होती, यात शंका नाही. परंतु तोच खटका कालांतराने कचेरीला जाणाऱ्याच्या सायकलीवर, चाकाला, सीटला, जिथे तिथे अवतरला. दिवेही रबराच्या पट्टीने अडकवण्याचे आले. आणि जे मालकाला सहज काढता येते ते वाटसरूलाही तितकेच सहज काढता येते, एवढा साधा हिशेब कारखानदारांनी मांडला नाही, किंवा मांडून सोडून दिला.

म्हणून माझा सल्ला असा, की प्रत्येक वस्तूबाबत निक्षून एक ठरवावे: ती पक्की बसवायची, की प्रत्येक वेळी काढून बरोबर न्यायची. घात होतो तो मधल्या मार्गाने, म्हणजे सुटे बसवून तसेच सोडून जाण्याने. पंप, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा अडकवा ही पिशवीत टाकून नेण्याचीच जिन्नस आहे. दिव्याचे मात्र तसे नाही. घाईत तो काढायचा राहतो, किंवा काढून नेलेला घरी विसरतो, आणि रात्रीच्या परतीच्या वाटेवर त्याची जी उणीव भासते ती त्याच्या किमतीत मोजता येत नाही. ऐपत असल्यास चाकाच्या तुंब्यातच डायनॅमो असलेले चाक घे. ते नेण्यासाठी चाकच न्यावे लागते, आणि चाकाला खटक्याऐवजी नट घातले की तेही सोपे राहात नाही. तेवढा खर्च नको असेल तर मडगार्डाला किंवा कॅरिअरला बोल्टने बसणारा बॅटरीचा दिवा पाहा, त्याला नायलॉनची कडी असलेला नट लाव, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीच्या जागी पोलादी क्लिप आवळून घे.

सीटचा खटका काढून तेथे बोल्ट घाल. त्या बोल्टच्या षट्कोनी खाचेत बरोबर मावेल असा बेअरिंगचा छर्रा बसवून वर मेणबत्तीचे मेण ओतले, की खिशात ॲलन-की बाळगणाराही क्षणभर बुचकळ्यात पडतो. तुला स्वतःला सोडवायचा झाल्यास मेण सुईने कोरून काढता येते. शिवाय जुन्या चेनीचा हातभर तुकडा टाकाऊ ट्यूबमधून ओवून, सीटखालच्या दांड्यांतून आणि मागच्या नळ्यांतून फिरवून, त्याची टोके सायकलवाल्याकडून रिव्हेटने जोडून घे. ट्यूबमुळे रंग खरवडत नाही आणि चेन वाजतही नाही. विशिष्ट किल्लीनेच फिरणारे बोल्टही बाजारात मिळतात. पण ती किल्ली हरवली म्हणजे मालकाचीच गणना चोरांत होते, आणि तुझा किल्ल्यांबाबतचा लौकिक घरात सर्वश्रुत आहे.

आता कायद्याविषयी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमान्वये, चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असून अपराधी प्रथमच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. दिव्याच्या चोराला तुरुंगात धाडावे असे मला कधीच वाटले नाही, म्हणून ही तरतूद मला पसंत आहे. परंतु तेथवर प्रकरण पोहोचण्यास वस्तूची ओळख पटावी लागते, आणि खरी अडचण तीच. एकाच साच्यातून निघालेले दिवे टेबलावर मांडून ‘यांतला तुमचा कोणता?’ असे विचारले, की फिर्यादी पुरता गोंधळतो, आणि गोंधळलेल्या फिर्यादीला दिवा परत देण्याचा हुकूम कोणते कोर्ट करील? तेव्हा दिव्याच्या आतल्या बाजूस आणि सीटच्या तळाशी टोकदार अणीने आपली खूण कोरून ठेव, त्यांची छायाचित्रे काढून ठेव, आणि सांगाड्यावर, बहुधा पॅडलच्या आसाखाली, ठोकलेला क्रमांक पावतीशेजारी टिपून ठेव. गेलेल्या वस्तूंची तक्रार अवश्य नोंदव.

जागेविषयी इतकेच, की जिन्याखालची सावली सोडून चहाच्या टपरीसमोर, दिव्याची बाजू रस्त्याकडे करून सायकल लावत जा. ऊन लागेल, ते सोस.

चेनीचे तुकडे येथील आपल्या सायकलवाल्याकडे हवे तेवढे पडले आहेत. एक बाजूला काढून ठेवण्यास त्याला सांगितले आहे. येत्या रविवारी आलास तर तो स्वतः जोडूनही देईल. वहिनींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझा,
काका