निलगिरीचे दोन थेंब

विमानातल्या गार हवेनं नाक चोंदलं होतं. गांबोआच्या धक्क्यावर होडीत बसता बसता रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकले. कुणीतरी उटीहून आणलेली ही बाटली निघताना आईनं बॅगेत कोंबली होती.

होडी पनामा कालव्यातून निघाली. शेजारून चाळीएवढी कंटेनरची जहाजं सरकत होती. पाऊण तासानं बार्रो कोलोरॅडो बेट आलं. हे मूळचं बेट नव्हेच. शंभरेक वर्षांपूर्वी कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, दरी बुडाली आणि एका टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. 1923 पासून हे रान राखीव आहे. आज तिथं स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन केंद्र आहे.

चढण चढून दम लागला म्हणून रुमाल नाकाला लावला, तोच कानाशी गुणगुण झाली. नाकापासून वीतभर अंतरावर हवेत एक हिरवा मणी थांबला होता. लहानपणी काडेपेटीत ठेवायचो त्या सोनकिड्यासारखा लखलखीत, पण पंखांनी अधांतरी तोललेला. मी मागं सरलो, तर तोही पुढं सरकला.

"घाबरू नका, नर आहे. नराला नांगी नसते," सोबतची संशोधक म्हणाली. "त्याला तुम्ही नकोत, रुमाल हवाय."

रुमाल एका फांदीवर पसरला. मणी येऊन बसला. ती होती ऑर्किड माशी. पुढच्या पायांच्या कुंचल्यांनी तिनं ओला डाग खरवडायला सुरुवात केली. मध्येच उडून ती हवेत स्थिर झाली आणि पाय पोटाखाली भराभर फिरवू लागली. मग पुन्हा रुमालावर. नीट पाहिलं तर मागच्या पायाची नडगी टम्म फुगलेली. मादी मागच्या पायांवर पराग वाहते. नराची नडगी मात्र आतून पोकळ, स्पंजासारखी. ती त्याची कुपी! डोक्यातल्या ग्रंथींतून निघणारी स्निग्ध लाळ तो वासाच्या जागी लावतो, तिच्यात वास मुरला की ती टिपून कुपीत साठवतो. आपल्याकडे फुलेल करताना तिळांना मोगऱ्याचा वास मुरवत. स्निग्धात वास धरून ठेवण्याची तीच ही युक्ती.

संशोधकबाईंनी मग झाडांना टीपकागद टांगले. एकावर निलगिरीच्या तेलातलं सिनिऑल, दुसऱ्यावर पाठदुखीच्या मलमाच्या वासाचं द्रव्य आणि तिसऱ्यावर चक्क विष्ठेतलं स्कॅटोल! मी नाक दाबलं. माश्या मात्र तिन्हींवर आल्या. हिरव्या, निळ्या, तांबूस, आणि आपल्या भुंग्यासारख्या घोंघावणाऱ्या केसाळ युलेमा. 1979 पासून इथं अशाच आमिषांवर त्यांची मोजदाद चालली आहे. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्यांच्या दोनशेहून अधिक जाती, आणि प्रत्येकीच्या अत्तराची पाककृती वेगळी. ऑर्किडं, कुजकं लाकूड, बुरशी, जिथून जमेल तिथून नर वास गोळा करत राहतो.

आपल्या कवितेतला भ्रमर मधासाठी फुलाकडे जातो. इथल्या शेकडो ऑर्किडांत मध नसतोच. ती फक्त वास देतात आणि त्या बदल्यात पराग पोचवून घेतात. कॅटासेटम नावाच्या ऑर्किडच्या नरफुलाला माशीचा धक्का लागला की परागाचा गोळा गोफणगुंड्यासारखा सुटून तिच्या पाठीवर चिकटतो. कोरिअँथिसमध्ये तर माशी घसरून फुलातल्या पाण्याच्या बादलीत पडते. बाहेर यायला एकच अरुंद बोळ, आणि तिथून निघताना पराग पाठीला लागलेलाच! या माश्या फूल कुरतडायला येतात, असं डार्विनच्या काळी वाटे. नर अत्तर गोळा करायला येतो हे कळायला 1960 चं दशक उजाडलं.

या नराला घर नाही. मधमाशी त्याच्या नात्यातली, पण इथं राणीचं राज्य नाही. बहुतेक माद्या राळेची किंवा चिखलाची घरटी एकेकट्या बांधतात. काही जातींत आई-मुली एकत्र राहतात. पण मुलीनं अंडं घातलं की आई ते खाऊन त्या जागी आपलं घालते. एक्सिरीटी नावाची ऑर्किड माशी तर घरटं बांधतच नाही, दुसरीच्या घरात अंडं घालून मोकळी होते. घरट्यातून बाहेर पडलेला नर पुन्हा आत फिरकत नाही. आयुष्यभराची कमाई पायात भरून एखाद्या बुंध्याशी तळ देतो, पंख फडफडवतो आणि मादीची वाट पाहतो.

संध्याकाळी होडीत बसताना रुमाल हुंगला. निलगिरी जवळजवळ उडून गेली होती. उन्हानं थोडी नेली असेल, पण थोडी नक्कीच त्या हिरव्या पायांत गेली. आईनं सर्दीसाठी दिलेल्या औषधावर आता पनामाच्या रानात कुणाचं तरी लग्न जमायचं होतं. माझं नाक मात्र अजून चोंदलेलंच होतं.