ठासणीचं पिस्तूल

आमच्या रायगडात ठासणीची बंदूक ही संग्रहालयातली वस्तू नाही. रानडुकरं आणि माकडं पिकात शिरतात, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढलेल्या काही शेतकऱ्यांकडे ती अजून आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते, नंतर परत मिळते.

ठासणीचं पिस्तूल मात्र मी पहिल्यांदा चालवलं ते केप टाउनला. तिथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, माझे मामूही तिथलेच झाले. मामेभावाने इटलीच्या पेडरसोली कंपनीचं ‘केंटकी’ पिस्तूल विकत घेतलंय. घडण जुन्या अमेरिकन पिस्तुलाची, माल आजचा. त्या देशात एकेक गोळी तोंडाकडून ठासायच्या हत्याराला परवाना लागत नाही, पण ते हाताळायची पात्रता सिद्ध करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

मोजून काळी दारू नळीत ओतायची. तेलकट चिंधीत शिशाची गोळी धरून गजाने ठासायची. घोड्याखाली तांब्याची छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की पांढरा धूर आणि गंधकाचा वास. माझ्या हाताला एका बारासाठी दोन मिनिटं लागली. मी मुरूडच्या मुलांना दरवर्षी जंजिऱ्याच्या तोफा दाखवतो, त्याही अशाच तोंडाकडून भरायच्या. एका बारानंतर माणूस किती वेळ रिकाम्या हाताने उभा असतो, हे तिथे कळलं.

“भाईजान, एक तुमच्या शाळेसाठी घेऊ या?” मामेभाऊ म्हणाला.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुनं हत्यार त्याने वगळलंय. म्हणजे पणजोबांचं गंजून निकामी झालेलं पिस्तूल भिंतीवर चालेल, त्याची नवी, बार काढणारी प्रतिकृती मात्र हत्यारच. मला हे पटतं. प्रश्न वयाचा नाही, गोळी सुटते का हा आहे.

मग नुसतं शोभेचं? तेही मी नको म्हटलं. खाडीपलीकडच्या श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला, फेब्रुवारी १९९३ मध्ये स्फोटकं उतरली. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर वाहत आलेल्या बोटीत तीन एके-४७ सापडल्या. बोट ऑस्ट्रेलियन बाईंची, समुद्रात बिघडून सोडून दिलेली, असं सरकारने त्याच दिवशी सांगितलं. तरी त्या संध्याकाळी अम्मीने भाच्यांच्या ईदच्या प्लास्टिकच्या बंदुका उचलून माळ्यावर टाकल्या. कुणी काही बोललं नव्हतं. कुणी बोलायची वाट तिने पाहिली नाही.

मामेभाऊ पिस्तुलाची पेटी शेजाऱ्याला दाखवतो, दोघं मिळून नेमबाजीला जातात. मला हेवा वाटला तो त्या शेजाराचा.

आता वर्गात मी छत्रीची नळी करतो, पट्टीचा गज. एक मुलगा ठासतो, बाकीचे सेकंद मोजतात. “सर, खरं का नाही आणलंत?” असं विचारतात. मी कायदा समजावतो. दुसरं कारण मोठ्या मुलांना सांगावं लागत नाही. त्यांच्या घरच्या बंदुकाही त्याच संध्याकाळी माळ्यावर गेल्या होत्या.