हमाली वेगळी, बोजारा वेगळा

घर बदलताना गाडी कोणती लागेल, खोकी किती लागतील, गॅसचं कनेक्शन कसं हलवायचं, हे सगळं आता फोनवर बसल्या बसल्या कळतं. एक गोष्ट मात्र शेवटच्या क्षणापर्यंत कोणीच ठरवलेली नसते. सामान उतरलेलं असतं, चार माणसं दुपट्ट्याने घाम पुसत अंगणात उभी असतात आणि घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात. ठरल्यापेक्षा वर काही द्यायचं का? किती? कोणाच्या हातात? मग कोणीतरी घाईघाईने शंभराची नोट काढतं, दुसरं कोणी "अगं, ठरलंय ना सगळं" असं कुजबुजतं, आणि ती माणसं हे ऐकत उभी असतात.

कॉलेज संपल्यापासून मी सहा घरं बदलली, सगळी मोठ्या शहरांत. पण या विषयावर नीट विचार झाला तो आईबाबांनी सौंसरचं भाड्याचं घर सोडलं तेव्हा. बाबा निवृत्त झाले आणि गेल्या कार्तिकात दोघं पांढुर्ण्याच्या स्वतःच्या घरात राहायला गेले. दोन गावांत तासाभराचं अंतर. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून त्यात आलं, म्हणून गाव बदलूनही जिल्हा तोच राहिला. सामान मात्र तीस वर्षांचं होतं.

कार्तिक म्हणजे आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री निघायचे दिवस. संत्र्याच्या गाड्या भरायला माणूस हवा असतो, कापूसही त्याच सुमारास येत असतो. अशा वेळी घरसामानासाठी चार माणसं मिळणं म्हणजे नशीब. बाबांच्या ओळखीतून एक टोळी मिळाली. तिचे म्होरके साठीच्या आसपासचे, त्यांना सगळे काकाजी म्हणायचे. मी फोनवर दर विचारला तर म्हणाले, "फोनवर काय सांगू ताई, सामान पाहू द्या आधी." आले आणि त्यांनी तीनच गोष्टी बघितल्या: जिना, कपाट आणि पुस्तकं. "पुस्तकं असतीन तर आधीच सांगत जा," हे त्यांनी हसत सांगितलं, पण ते गमतीत नव्हतं. कापसाची गाठ १७० किलोची असते, पण ती लोळवता येते, असं त्यांचं म्हणणं. कपाट लोळवता येत नाही आणि वरून त्याला आरसा असतो.

भरणं आणि उतरवणं मिळून उक्तं साडेचार हजार ठरलं. बाबांनी कागदावर लिहून घेतलं: माणसं चार, दोन्हीकडचं काम, कपाट वरच्या मजल्यावर, जेवण आपलं. मला तेव्हा हा जुन्या काळचा कारकुनी स्वभाव वाटला होता. आता वाटतं, सगळी रीतभात इथूनच सुरू होते. माळ्यावर काय आहे, नव्या घरी गाडी दारापर्यंत जाते की गल्लीच्या तोंडाशी थांबते, हे आधी न सांगता शेवटी पन्नास रुपये 'खुशीने' देणारी माणसं मी पाहिली आहेत. ती खुशी नव्हे. पांढुर्ण्याला पोचल्यावर आत्याकडे ठेवलेला सागवानी झोपाळा आणायचं निघालं. ते कागदावर नव्हतं. बाबांनी कोणी मागायच्या आत हमालीत चारशे रुपये वाढवले आणि काकाजींना तसं सांगितलंही, की ही हमाली आहे, बोजारा नंतर.

बोजारा हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. पोळ्याला बैल सजवून घरोघरी नेतात, घरची बाई बैलाचे पाय धुते, ओवाळते, आणि सोबत आलेल्या गड्याच्या हातावर जे पैसे ठेवते तो बोजारा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन आलेल्या पोरांनाही तो मिळतो. आपल्या भाषेत या देण्याघेण्याला किती नेमके शब्द आहेत बघा. हमाली म्हणजे मजुरी, ती हक्काची. ट्रकवाल्यांच्या बोलण्यात वाराई येते, तीही गाडी भरण्या-उतरवण्याचीच मजुरी. दिवाळीला मागतात ती पोस्त. चहापाणी हा शब्द बिचारा दोन्हीकडे वापरला जातो, खऱ्या चहासाठीही आणि टेबलाखालच्या व्यवहारासाठीही. चिरीमिरी तर उघडच बदनाम. या सगळ्यांना आपण आता एकच शब्द वापरतो, टिप, आणि मग गोंधळ होतो. मजुरीत कसर ठेवून टिप दिली की आपल्याला दिलदार वाटतं, समोरच्याला मात्र आपलेच पैसे उपकार म्हणून परत मिळतात.

मोठ्या शहरात गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे आपण माणसांशी ठरवतच नाही, कंपनीशी ठरवतो. माझ्या एका घरबदलीचं बिल बावीस हजार झालं होतं. सामान उचलायला आलेली चार पोरं त्याच दिवशी सकाळी नाक्यावरून आणलेली होती. त्यांना दिवसाचे सातशे मिळणार होते, हे मी विचारलं म्हणून कळलं. तेव्हापासून बिलाच्या दहा टक्के वगैरे हॉटेलातला हिशोब मी इथे लावत नाही. बिलाचा आणि त्या पोरांच्या मजुरीचा संबंधच नसतो. माझा अंदाज साधा आहे: त्या माणसाच्या दिवसाच्या मजुरीचा पाव ते तिसरा हिस्सा, प्रत्येकाला. काकाजींच्या टोळीला आम्ही माणशी दोनशे दिले. गाडीच्या चालकालाही तेवढेच, कारण कपाट उतरवताना खालून हात लावायला तोच आला होता.

आणि प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाच्या हातात. सुपरवायझरला एकत्र देऊन 'वाटून घ्या' म्हणणं सोपं असतं. पण वाटणी कशी होते ते आपल्याला कधी दिसत नाही. आमच्या पिढीची अडचण ही, की खिशात रोकड नसते. क्यूआर कोड एकच असतो आणि तो म्होरक्याचा असतो. त्यामुळे आदल्या दिवशी एटीएममधून पैसे काढून दोनशेच्या नोटा करून ठेवणं हेही सामान बांधण्याचाच भाग समजावं.

पैशांचं एवढं बोलले, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती चहाची गोष्ट.

आमच्या आजीच्या वाड्यात ओसरीवरच्या देवळीत दोन कप असायचे, कान तुटलेले. ते कोणासाठी होते हे आम्हा मुलांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. गडी, मोलकरीण, सामान घेऊन आलेला हमाल त्यातून चहा प्यायचे आणि स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचे. आजी प्रेमळ होती, कोणाला उपाशी जाऊ द्यायची नाही. कप मात्र वेगळे. हे कप कितीतरी घरांत होते आणि ते कोणत्या जातींसाठी होते, हे आपल्याला वयाने मोठं झाल्यावर कळलं, इतकंच.

आता देवळी नाही आणि ते कपही नाहीत. त्यांच्या जागी कागदी कप आलेत. घर बदलायच्या दिवशी भांडी बांधलेली असतात, त्यामुळे कागदी कप आणणं बरोबरच आहे. पण नीट बघा, पुष्कळ घरांत एक पिशवी उघडी ठेवलेली असते, तिच्यात घरच्यांसाठी चार चिनी मातीचे कप असतात आणि कागदी कप फक्त 'त्यांना' दिले जातात. कान तुटलेला कप निदान विसळून पुन्हा वापरला तरी जायचा. सौंसरला आईने कागदी कपांचं एकच पुडकं फोडलं आणि सगळ्यांनी त्यातूनच चहा घेतला, बाबांनी गाडीच्या फाळक्यावर बसून. खुर्च्या आधीच गाडीत गेल्या होत्या, त्यामुळे कोण कुठे बसणार हा प्रश्नच आला नाही. पाण्याचा माठ मात्र काकाजींनी सगळ्यात शेवटी गाडीत ठेवायला लावला आणि पांढुर्ण्याला सगळ्यात आधी उतरवला.

इथे मला डॉ. बाबा आढाव आठवतात. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे आणि १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ चालवणारे बाबा आढाव एकच. ओझं वाहणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न आणि त्याने कुठलं पाणी प्यायचं हा प्रश्न त्यांनी सोबतच हाती घेतला. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून सुरू झालेली 'कष्टाची भाकर' हे त्याच हमाल पंचायतीचं काम.

जेवणाबद्दल काकाजींनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. एक वाजला तशी आईने पानं मांडायची तयारी केली, तर ते म्हणाले, "बाई, कपाट चढवून मंग जेवू." भरल्या पोटी जड उचलत नाहीत. जेवण कधी द्यायचं हे ज्यांना उचलायचंय त्यांनाच विचारावं. शेजारच्या काकूंनी भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा पाठवला होता. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही, पण दिवसभर काम करणाऱ्या माणसाला संडास-बाथरूम कुठे आहे हे आपणहून दाखवावं. त्याला विचारायला लाज वाटते, आपल्याला सांगायला का वाटावी? शहरातल्या सोसायट्यांमध्ये तर सामान लिफ्टने जातं आणि ते आणणारा माणूस जिन्याने, असले नियम मी पाहिले आहेत. अशा वेळी वॉचमनशी हुज्जत घालणं हे घरमालकाचं काम आहे, हमालाचं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. माझी एक मैत्रीण म्हणते, "तुम्ही गावाकडचे गोड बोलता. आमच्याकडे गाडी दारात आली की कोणीतरी युनियनचं नाव सांगून पैसे मागतं." खरं आहे. केरळात तर काम न करता नुसतं बघत उभं राहण्याचे पैसे घ्यायची पद्धत होती. तिला 'नोक्कुकूली' म्हणतात, म्हणजे बघण्याची मजुरी, आणि तिथल्या सरकारला १ मे २०१८ पासून ती बंद करावी लागली. पण युनियन या शब्दालाच नाक मुरडण्याआधी महाराष्ट्रातला १९६९ चा माथाडी कायदा आठवावा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, त्यामागे डोक्यावर ओझी वाहून म्हातारपणी हातात काहीच न उरणारी माणसं होती. मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी हे त्या कायद्याने आलं. तो कायदा महाराष्ट्राचा, सीमेच्या आमच्या बाजूला तो लागू नाही. आमच्याकडे कृषी उपज मंडीत हम्माल आणि तुलावटी यांना परवाना असतो. तेच हात तुमचं कपाट उचलायला आले, की मंडीचे नियम मंडीतच राहतात. इथे तुमचा कागद आणि तुमचा शब्द, एवढंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे हळद आणि तुपाने शेकतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. ते दोन दिवस आणि त्यापुढची जाम नदीवरची गोटमार, एवढ्या काळात पांढुर्ण्यात सामान हलवायला माणूस मिळणार नाही. तेव्हा घर बदलायची तारीख काढताना पंचांगात मुहूर्ताबरोबर पोळाही बघा. काकाजींचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली झुकलेला आहे. मी विचारलं तर म्हणाले, "गोण्यांनं झालं ते, दुखत नाही आता."

राहता राहिलं जुनं सामान. घर बदलताना टाकायच्या वस्तू निघतात आणि त्या हमालांना देऊन बक्षिसी दिल्याचं समाधान मानायची आपल्याला सवय आहे. तुटकी खुर्ची त्याच्या गळ्यात मारली तर तो ती आणखी एकदा उचलून नेतो, एवढाच फायदा. द्यायचं असेल तर हवं का ते विचारावं, पैशांतून वजा करू नये आणि वस्तू चालू आहे हे दाखवावं. आईने टोळीतल्या सगळ्यात धाकट्याला मिक्सर हवा का विचारलं. तो म्हणाला, "चालू हाये का?" प्लग लावून दाखवला. चालू होता. मग त्याने विचारलं, "किती द्याचे?"

आई म्हणाली, "अरे, असाच ने." तो नको म्हणाला. घरी बायको विचारेल कुठून आणला, तर विकत आणला म्हणून सांगायचं होतं त्याला. शेवटी पन्नास रुपयांवर सौदा झाला. आईने पन्नास रुपये घेतले, हिशोबाच्या वहीत लिहिले आणि मग मिक्सरच्या लहान भांड्याचं झाकण शोधायला लागली. सकाळी बांधलेल्या बेचाळीस खोक्यांपैकी ते कशात आहे, हे आमच्यापैकी कोणालाच आठवेना. त्याला आठवत होतं, खोकं त्यानेच बांधलं होतं.