थायलंडच्या किनाऱ्याने बसप्रवास

थायलंड म्हटले की आपल्याकडे सोन्याच्या मूर्ती आणि बँकॉकचा बाजार एवढेच डोळ्यांसमोर येते. टूरवालेही चार दिवसांत तेवढेच दाखवून परत आणतात. मिस्टर रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ठरविले, की विमानाचा खर्च झाला तो झाला. पुढे मात्र तिथली कष्टकरी माणसे फिरतात तसेच फिरायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकॉकच्या दक्षिण बस स्थानकावरून निघालो आणि दोन आठवडे समुद्राच्या कडेकडेने खाली उतरत गेलो.

नकाशात पाहाल तर थायलंडचा दक्षिण भाग हत्तीच्या सोंडेसारखा खाली लोंबतो. पूर्वेला आखात, पश्चिमेला वरच्या भागात ब्रह्मदेशाची सरहद्द. प्रचुआप खिरी खान जिल्ह्यात एके ठिकाणी समुद्र आणि सरहद्द यांच्यात जेमतेम बारा किलोमीटर जमीन उरते. या सोंडेतून पेटकासेम नावाचा हमरस्ता थेट मलेशियाच्या हद्दीपर्यंत जातो. मोठी बस नसली तर दहा-बारा माणसांची व्हॅन मिळते. पहिल्याच तिकिटावरची तारीख मिस्टरांनी मला दाखविली. साल छापले होते २५६८! सरकारी कामकाजात तिथे बुद्धवर्षच चालते. आपल्याकडे २५०० वी बुद्धजयंती १९५६ साली झाली, त्यांच्याकडे १९५७ साली. गणनेत एका वर्षाचा फरक आहे.

गावांची नावेही आपलीच वाटतात. 'बुरी' म्हणजे पुरी, 'नखोन' म्हणजे नगर, 'खिरी' म्हणजे गिरी. फेचबुरी म्हणजे वज्रपुरी. तिथे ताडाचा गूळ होतो आणि त्या गुळात अंडी व नारळाचे दूध घालून खरवसासारखी मिठाई भाजतात. गावाजवळच्या खाओ लुआंग गुहेच्या छताला मोठे भोक आहे. त्यातून उन्हाचा झोत खाली बुद्धमूर्तींवर पडतो. हुआ हिन हे श्रीमंतांचे हवा खाण्याचे गाव, तिथे आम्ही थांबलो नाही. प्रचुआपला मात्र दोन रात्री राहिलो. अर्धचंद्रासारखा समुद्र, ३९६ पायऱ्यांची टेकडी, वर विहार आणि वाटेत चोरटी माकडे. किनाऱ्यावर माकूल सुकत घातलेले. सुकट-बोंबील खाणाऱ्या घरातले आम्ही, त्या वासाने परकेपण कुठल्या कुठे गेले. पंख्याची खोली ४०० बातला मिळाली. एक बात म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. सकाळी भाताची पेज, दुपारी गाडीवरचा भात-मासा. खर्चाचे एवढेच गणित.

चुंफोनच्या बसमध्ये एक गोष्ट घडली. खिडकीशी एक वृद्ध भन्ते बसले होते, शेजारची जागा मोकळी होती. मी टेकणार तोच कंडक्टर बाई लगबगीने आली, हात हलवून मला थांबविले आणि तिथे मिस्टरांना बसविले. तिच्या चेहऱ्यावर उर्मटपणा नव्हता, उलट ती हसत होती. पण माझ्या आजीने पाणवठ्यावर "लांब हो" ऐकलेले. तिची नात बुद्धाच्या देशात बसमध्ये उभी राहिली. माझे डोळे भरून आले.

उतरल्यावर मिस्टर समजावू लागले, "अगं, तो नियम भन्तेंवर आहे, तुझ्यावर नाही. विनयाचा भाग आहे तो."

"अहो, मग उठायचं भन्तेंनी. मी का?"

त्यावर ते काही बोलले नाहीत.

विटाळ आणि हा नियम एक नाहीत, हे मलाही पटते. विटाळ जन्माला चिकटवला जातो आणि मेल्यावरही सुटत नाही. हा नियम चीवर उतरविले की संपतो. पण गोष्ट एका आसनाची नाही. थायलंडच्या संघराजांनी १९२८ साली आदेश काढून भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली. धम्मनंदा या विदुषींना भिक्खुणी होण्यासाठी २००३ साली श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घ्यावी लागली. महाप्रजापती गौतमीला तथागतांनी संघात घेतले, हे तर तिथल्या भन्तेंनाही ठाऊक आहे. मग ही आडकाठी कशाची?

पुढचा मुक्काम छैया. इथल्या मातीतले बुद्धदास भिक्खू (१९०६–१९९३) यांनी १९३२ साली सुआन मोक्ख हा आश्रम काढला. गंडेदोरे, कर्मकांड यांवर त्यांनी आयुष्यभर टीका केली. टेकडीवरचे त्यांचे उपोसथागार म्हणजे इमारतच नाही. वर झाडे, खाली मोकळी जमीन. आपल्या वस्तीत विहारासाठी वर्गणी गोळा करताना आपण किती सिमेंट मोजतो, ते मला तिथे आठवले.

तिथून सुरत थानी. नदीकाठच्या बाजारात मिस्टरांनी नदीचे नाव विचारले. उत्तर आले, "तापी." आम्ही भुसावळचे; वाटले, चेष्टा चालली आहे. पण खरेच! १९१५ साली राजा वजिरावुध यांनी गुजरातच्या सुरतेवरून गावाला नवे नाव दिले आणि सुरतेची तापी म्हणून नदीचेही. आपल्या खानदेशातून जाते तीच ही तापी. मिस्टर काठावर बराच वेळ बसले. मी आंबा आणि चिकट भात आणला.

माघ पौर्णिमेला, १२ फेब्रुवारीला, आम्ही नखोन सी थम्मरातला होतो. नगर श्री धर्मराज! तिथल्या महाधातू चैत्याला त्या दिवशी लांबच लांब कापड गुंडाळतात. ते कापड हजारो हातांवरून मिरवत येते. एका म्हातारीने मला हाताला धरून ओढले आणि कापडाखाली उभे केले. मागे मिस्टर. सगळे त्रिसरण म्हणत होते. बुद्धंला ते 'फुत्थांग' म्हणतात, धम्मंला 'थम्मांग'. दोन ओळींनंतर जीभ त्यांच्या चालीत बसली. त्या गर्दीत बाई कोण, बाप्या कोण, कुणी पाहत नव्हते. धक्के मात्र सर्वांना सारखे बसत होते.

पुढे सोंगख्ला पाहिले, वाळूत बसून भाजलेले मासे खाल्ले आणि परतीला बस नको म्हणून मिस्टरांनी हट्टाने रात्रीच्या रेल्वेची तिकिटे काढली. रात्रभर ते स्टेशने मोजत जागे होते.