कृष्णा-वारणेच्या सपाटीवर सायकलनें

डोंगरी सायकल हें नांव ऐकतांच घाट, कडे आणि दगडधोंड्यांच्या उतरणी डोळ्यांपुढें उभ्या राहतात, आणि तें साहजिकच आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कांहीं हौशी तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून खालीं पिटाळण्याचा छंद सुरू केला. त्यांतूनच या वाहनाचा जन्म झाला. परंतु जेथें चढ म्हणून डोळ्यांस दिसत नाहीं, अशा वाळवा तालुक्याच्या सपाटीवर या सायकलीचें काय काम, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. इस्लामपुराहून गेल्या हिवाळ्यांत पुतण्यासमवेत केलेल्या दोन फेऱ्यांच्या वर्णनांतून त्याचें उत्तर द्यावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इस्लामपूर हें या तालुक्याचें मुख्य ठिकाण. उरुण-इस्लामपूर असें त्याचें जोडनांव चालत आलें. २०२५ सालीं गांवास ईश्वरपूर हें नांव देण्याचा निर्णय राज्य सरकारनें जाहीर केला. गांवाच्या एका अंगास कृष्णा व दुसऱ्या अंगास वारणा वाहते. या दोन नद्या पुढें सांगलीजवळ हरिपूर येथें एकमेकींस भेटतात. मधला सारा मुलूख काळ्या, कसदार जमिनीचा असून त्यावर दृष्टि पोंचेल तेथवर ऊंस उभा असतो.

सायकलीशीं या प्रदेशाचें नातें तसें जुनेंच म्हटलें पाहिजे. कृष्णेच्या पलीकडे किर्लोस्करवाडी आहे. औंध संस्थानच्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं ती वसविली, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें झाला, हें मात्र फारसें कोणाच्या स्मरणांत नसतें. सायकल आधीं आली, लोखंडी नांगर मागाहून आला!

पहिली फेरी बह्याची. इस्लामपुराची वस्ती मागें पडली कीं डांबरी रस्ता सोडून उंसांतल्या गाडीवाटेस लागावें. ट्रॅक्टरांच्या चाकांनीं पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कठीण झालेल्या असतात. साध्या सायकलीचें बारीक चाक त्यांत अडकून पडतें. जाड टायर मात्र त्या सहज ओलांडून जातात. दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीचा ऊंस, वर आकाशाची एक पट्टी, आणि तुऱ्यांची सळसळ, एवढाच काय तो सोबती. मग एकाएकीं ऊंस संपतो आणि नदीकांठची मोकळी मळी लागते. पुराचा गाळ सांचून झालेल्या या कांठच्या जमिनीस इकडे मळी म्हणतात. बहे येथें नदीच्या पात्रांतील बेटावर रामलिंगाचें देऊळ असून समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक मारुति तेथें उभा आहे. उत्तरेकडे दूरवर मच्छिंद्रगडाची एकाकी टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशीं क्रांतिसिंह नाना पाटलांचें येडेमच्छिंद्र. ज्यांचें कुलदैवत ज्वालानृसिंह आहे त्यांनीं याच फेरींत कृष्णाकांठच्या नरसिंहपुराचेंही दर्शन घ्यावें.

या पहिल्याच फेरींत एक गोष्ट ध्यानांत आली. डोळ्यांना जी जमीन सपाट दिसते ती पायांना सपाट लागत नाहीं. कांहीं ठिकाणीं पायडल आपोआप हलकें होतें, कांहीं ठिकाणीं कारण नसतां मांड्या भरून येतात. उंचसखलपणा हाताभराचाच असतो, पण पाय त्याची नोंद घेतात. मोटारींत बसलेल्यास ती कधींच मिळत नाहीं. आणि पायांप्रमाणेंच ही नोंद आणखी एकजण घेतें, तें म्हणजे पाणी. त्याचा प्रत्यय दुसऱ्या फेरींत आला.

ही फेरी मोठी, सुमारें चाळीस किलोमीटरांची. इस्लामपुराहून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या वाळव्यास, तेथून आष्ट्यास व पुढें दोन नद्यांच्या मधून हरिपुरास. या वाटेवर उंसाच्या हिरव्या भिंतींत मधूनच खिंडार पडल्यासारखें दिसतें. तेथें पीक नाहीं. लव्हाळा, पाणकणीस आणि वेडी बाभूळ माजलेली. मध्यें उथळ पाणी आणि त्याच्या कडेस मीठ सांडावें तशी पांढरी साय. लांब तांबड्या पायांचे शेकाटे त्या पाण्यांत ऐटीनें चालत होते, ढोकरी ध्यानस्थ बसल्या होत्या, टिटव्यांनीं आम्हांस पाहून गिल्ला केला. पुतण्यानें सायकल थांबवून म्हटलें, “काका, किती सुंदर तळें आहे!” वस्तुतः तें तळें नव्हतें. तें कोणाचें तरी उंसाचें शेत होतें.

असें कां व्हावें? काळ्या जमिनींत चिकणमातीचें प्रमाण फार, त्यामुळें पाणी खालीं जिरून वाहून जाण्यास वेळ लागतो. स्वातंत्र्योत्तर काळांत धरणें झालीं, नदीवर उपसा योजना बसल्या आणि पाणी बारमाही हातीं आलें. आडसाली ऊंस १६ ते १८ महिने शेतांत उभा असतो आणि तेवढा काळ त्यास पाटानें पाणी देत राहावें लागतें. जिरलेलें पाणी सखल भागीं सांचतें, भूमिगत पाण्याची पातळी मुळांपर्यंत वर येते, आणि उन्हानें वरचें पाणी उडून गेलें कीं त्यांतील क्षार मागें राहतात. प्रथम जमीन पाणथळ होते, मग खारवट, आणि सोडियमचें प्रमाण वाढलें म्हणजे चोपण. जी खांच पायडलला हलकी लागते, तींतच हें सर्व घडतें.

बांधावर एक वृद्ध शेतकरी वैरण कापीत होते. त्यांस विचारलें, तर विळा न थांबवतां ते म्हणाले, “पाणी पाजून पाजून आमीच रान मारलं बघा. माज्या वडलांनी याच रानात जुंधळा काढला. तवा पाणी न्हवतं, पर रान जितं हुतं.” मग नाल्याकडे बोट करून म्हणाले, “आता पायपा घालायच्या म्हंत्यात. पर माझं पानी त्येच्या रानातनं जानार, त्येचं पुढच्याच्या. समद्यांनी हो म्हणाय पायजे की, काका!”

त्या वृद्धानें रोगाचें मर्म सांगितलें. उपाय अज्ञात नाहींत. जमिनीखालीं ठराविक अंतरावर सच्छिद्र नळ्या पुरून सांचलेलें पाणी नाल्यास काढून द्यावें, चोपण जमिनीस निचऱ्याबरोबर जिप्सम द्यावें, धैंच्यासारखें हिरवळीचें पीक गाडावें, आणि पाटाऐवजीं ठिबकनें बेतानें पाणी द्यावें. अशा रीतीनें सुधारलेलीं शेतें या जिल्ह्यांत आहेतही. परंतु खर्च मोठा आणि सहमति त्याहून दुर्मिळ. पाणी बांध ओळखत नाहीं. एकत्र कुटुंबांत नांदलेल्यांस हें अधिक विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं.

येथें हॉलंड देशाचें स्मरण होतें. त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खालीं आहे. तेथील लोकांनीं पवनचक्क्यांनीं पाणी उपसून बाहेर टाकलें; किंडरडाइक येथील १७४० च्या सुमारच्या १९ चक्क्या आजही उभ्या आहेत. त्याच बांधांवरून आज सायकलींच्या वाटा गेल्या असून प्रत्येक फाट्यास क्रमांक दिलेला असतो. डचांनीं पाणी बाहेर कसें जाईल याचा विचार आधीं केला. आपण तें आंत कसें येईल एवढ्याचाच केला.

फेरीचा शेवट हरिपुरास, संगमावर. येथील हळदीचीं पेवें प्रसिद्ध होतीं. जमिनींत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षें कोरडी राहत असे. नदीच्या इतक्या निकट असून ती भूमि आंतून कोरडी होती, हें आज नवल वाटतें. २००५ च्या महापुरांत त्यांतील पुष्कळ पेवें नष्ट झालीं. पुढें २०१९ व २०२१ सालींही कृष्णेनें कांठच्या गांवांस वेढलें. पूर येतो तो सर्वांना दिसतो, वर्तमानपत्रांत छापून येतो. जमिनीखालून चढणारें पाणी मात्र मुकाट्यानें चढतें.

ज्यांना ही फेरी करावयाची असेल त्यांनीं नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. पावसाळ्यांत काळी माती चाकांस अशी लिंपते कीं सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. कालव्याच्या कडेनें वा कोणाच्या रानांतून जातांना आधीं विचारावें. नकार सहसा मिळत नाहीं, उलट उंसाचें कांडें हातांत पडतें. तोडणीच्या गाड्यांस वाट द्यावी. आणि ज्या घरांची थोडीबहुत जमीन अजून या खोऱ्यांत आहे, पण जीं वर्षांतून एकदां खंडाचे पैसे घेण्यापुरतींच तिच्याकडे पाहतात, त्यांनीं घरांतील एखाद्या तरुणास सायकल देऊन आपल्या शेताभोंवतीं एक फेरी अवश्य मारावयास सांगावी. पायडल कोठें हलकें झालें तें त्यानें लक्षांत ठेवावें, आणि तेथें पांढरी साय आली आहे कीं नाहीं तें उतरून पाहावें.