कावीळ उतरवण्याआधी



दशलक्षण पर्व झाले की कोणीतरी विचारतेच, "उपवासानंतर डोळे पिवळट दिसतात, कावीळ तर नाही ना?" काहींना जन्मतः गिल्बर्ट सिंड्रोम असतो. उपाशी राहिल्यावर त्यांच्या रक्तातले बिलिरुबिन थोडे वाढते, जेवायला लागले की उतरते. यकृताला त्याने इजा होत नाही. पण हे रक्त तपासूनच ठरवावे.

कारण कावीळ हे लक्षण आहे, आजार वेगवेगळे असतात. मी कॉमर्सची. रोकड कमी भरली, तर चूक कोणत्या खात्यात आहे ते वही उघडल्याशिवाय कळत नाही, तसेच हे.

दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए किंवा ई झाला, तर आधी बारीक ताप, मळमळ, अन्न नकोसे होणे, मग डोळे पिवळे. फडक्याने गाळून हे विषाणू जात नाहीत, पाणी उकळल्यावर मरतात. बहुतेकजण यातून आपोआप बरे होतात आणि यश गळ्यातल्या माळेला मिळते. गरोदरपणी मात्र ई फार धोक्याचा. पित्तनलिकेत खडा अडकला, तर उजव्या बरगडीखाली कळ येते, हुडहुडी भरून ताप चढतो.

तिसरी कावीळ गुपचूप येते. आमच्या वन्संचे काहीच दुखत नव्हते. अंगाला सारखी खाज, लघवी गडद, शौच पांढुरक्या मातीसारखी. वजन उतरत होते, साखरही नुकतीच वाढलेली. माळ घातली, उसाचा रस दिला, तीन आठवडे गेले. मग स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली. तिने पित्ताची वाट दाबली होती. पित्त आतड्यात उतरेना, म्हणून शौचाचा रंग गेला. डॉक्टरांनी नळी घालून वाट मोकळी केली, खाज थांबली. गाठ काढण्याजोगी राहिली नव्हती. आधी गेलो असतो तर काढता आली असती का, हे कोणीच सांगू शकले नाही.

शौचाचा रंग वन्संना पहिल्या दिवसापासून दिसत होता. सांगायची लाज वाटली. सोसणे हा आपल्याकडे बायकांचा गुण मानतात. उपवासात तो जरूर ठेवा. पण डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरी दिसली, तर त्याच दिवशी घरात सांगा आणि डॉक्टरांकडे जा.