विजेच्या मोटारीची निवड

विजेची मोटार घ्यावयाची म्हटलें म्हणजे जो तो विचारतो, “एकदां भरली कीं किती लांब जाते?” आम्हीं २०२४ सालीं ती घेतली, तेव्हां प्रथम घरचा हिशेब मांडला. शाळा, बाजार व मातुःश्रींचा दवाखाना मिळून आमचा रोजचा फेरा २५ किलोमीटरांचा. मातुःश्रींचे गुडघे वांकत नाहींत. म्हणून उंच बैठकीची एसयूव्ही हवी होती. त्याच वर्षीं जानेवारींत आलेल्या टाटांच्या पंच ईव्हीस २५ वा ३५ युनिटांची बॅटरी मिळे. शिक्षकाच्या वेतनास दोहोंच्या किंमतींतील अंतर लहान नव्हे. युनिटास सहा किलोमीटर धरले, तरी आम्हांस रोज चार-पांच युनिटें पुरतात. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगावर तीं सुमारें दोन तासांत भरतात. गांवीं जाण्यास एस.टी. आहेच. सबब लहान बॅटरी घेतली, आणि वांचलेल्या पैशांतून प्रथम स्वतंत्र जाड तार व अर्थिंग करविलें. कारण तासन्‌तास भार वाहणारी जुनी तार तापून आग लागण्याचें भय असतें. विद्यार्थिमित्रहो, क्वचित् पडणाऱ्या गरजेसाठीं रोजच्या गरजेचा पैसा खर्चूं नये, एवढेंच आमचें सांगणें.